मंगळवारचा हिशेब

पहिला खरा खरेदीदार माझा बोलिंगचा हॉल बघायला आला तो शनिवारी संध्याकाळी. वेळ मीच निवडली होती. आठही लेन, म्हणजे बॉल सोडायचे लांब पट्टे, भरलेल्या, बाकावर पाळीची वाट बघत बसलेली कुटुंबं, मागच्या खोलीत कुणाच्या तरी वाढदिवसाचा गलका. ते गृहस्थ तासभर फिरले, एक गेम खेळले आणि निघताना म्हणाले, "शनिवार बघितला. आता एकदा मंगळवारी दुपारी येतो, चालेल ना?"

मी चालेल म्हणाले. मंगळवारी दुपारी एका लेनवर दोन कॉलेजची मुलं खेळत होती आणि बाकीच्या सात लेनवरचे दिवे मालवलेले होते. गृहस्थ दहा मिनिटं थांबले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

आठ लेनचं बोलिंग सेंटर, दहा-बारा गेम मशीन आणि पार्टीची एक खोली, एवढाच माझा धंदा. २००५ साली सुरू केला, २०२४ मध्ये विकला. विकायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी धंद्याबद्दल जेवढं शिकले तेवढं आधीच्या एकोणीस वर्षांत शिकले नव्हते. करमणुकीचा छोटा धंदा चालवणारं आणि तो सोडायचा विचार करणारं कुणी हे वाचत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं मोकळेपणाने लिहिते आहे.

विकायचं का ठरवलं, ते थोडक्यात. २००८ची मंदी आम्ही काढली होती. तेव्हा लोकांनी लांबच्या सहली रद्द केल्या, पण जवळपासची करमणूक सोडली नाही. २०२०च्या मार्चमध्ये महामारी जाहीर झाली आणि हॉलला कुलूप लागलं. ते उघडल्यावर वर्षभर अशी झुंबड उडाली की मला वाटलं, आता वाईट दिवस संपले. मग २०२२पासून जगभर महागाई वाढली, मध्यवर्ती बँकांनी व्याजदर चढवले, आणि दर महिन्याला येणारी कुटुंबं तीन महिन्यांतून एकदा यायला लागली. कुणी भांडून गेलं नाही, तक्रार केली नाही. फक्त मधली गॅप वाढत गेली. करमणुकीच्या धंद्यात मंदी अशीच येते. घरखर्चाला कात्री लागते तेव्हा पहिला घाव आमच्यावर पडतो आणि तो घातल्याचं घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

त्यात आमचा खर्च हलत नाही. हे गणित मी उशिरा नीट मांडलं. समजा महिन्याची विक्री १०० आहे. त्यातले ७५ भाडं, पगार, वीज, विमा, देखभाल यांत जातात, गिऱ्हाईक येवो न येवो. १० हे गिऱ्हाइकागणिक बदलणारे. हातात उरतात १५. आता विक्री फक्त दहा टक्क्यांनी घटून ९० झाली. बदलणारा खर्च ९ झाला, पण ७५ तिथेच. हातात उरले ६. विक्री एक दशांश घटली आणि नफा निम्म्याहून अधिक गेला. रिकामी लेन आणि भरलेली लेन यांना एसीचा गारवा सारखाच लागतो.

मी सत्तावन्न वर्षांची होते. घरात हा धंदा पुढे चालवणारं कुणी नव्हतं. आणि जागेच्या भाडेकराराची चार वर्षं उरली होती. हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं निघालं, तरी मी ते सगळ्यात शेवटी ध्यानात घेतलं होतं. दोन वर्षं उरलेला भाडेकरार घेऊन आठ लेन कोण विकत घेणार? नव्या माणसाला गुंतवलेला पैसा वसूल करायला तेवढा वेळच मिळणार नाही. चार वर्षांवर निघाले म्हणून निभावलं. पाच-सहा उरलेली असताना निघाले असते तर बरं झालं असतं.

किंमत ठरवायला बसले तेव्हा मी एक वही काढली. लेनचं लाकूड काढून सिंथेटिक पृष्ठभाग बसवला तो खर्च, स्कोअरचे पडदे बदलले तो खर्च, पार्टीची खोली, नवे बूट, नवे बॉल, सगळ्याची बेरीज केली. हिशेबनीसांनी ती शांतपणे वाचली आणि मिटून माझ्याकडे परत सरकवली. "हे तुम्ही काय खर्च केलं त्याचं आहे. घेणारा माणूस त्याच्या हातात काय येणार ते विकत घेतो."

मला राग आला होता. त्याच सुमारास एका प्रयोगाबद्दल वाचलं. डॅनियल कानेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना साधा कॉफीचा मग दिला होता आणि काहींना नाही. ज्यांना मग मिळाला होता त्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत सांगितली ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. वस्तू तीच, काही मिनिटांपूर्वी मिळालेली. माझ्याकडे तर एकोणीस वर्षं होती. माझ्या वहीतली बेरीज आणि पुढे आलेला पहिला देकार यांच्यातलं अंतर दुपटीहून जास्त होतं. त्या प्रयोगाने माझी किंमत वाढली नाही, पण समोरचा माणूस मला लुबाडायला आलेला नाही एवढं तरी कळलं.

मग खरा हिशेब सुरू झाला. छोट्या धंद्यात नफा-तोटा पत्रकातला नफा आणि मालकाची खरी कमाई या वेगळ्या गोष्टी असतात. माझी गाडी, माझा फोन, घरच्यांचा विमा हे धंद्याच्या खात्यातून जात होते. नव्या मालकाला ते खर्च नसतील, म्हणून ते नफ्यात परत मिळवायचे. घसारा, म्हणजे यंत्रांची झीज म्हणून कागदावर धरलेला खर्च, आणि जुन्या कर्जाचं व्याजही मिळवायचं. हे मला आवडलं, कारण आकडा फुगत होता. मग हिशेबनीसांनी विचारलं, "तुम्ही आठवड्याला किती तास बसता?" मी साठ म्हणाले. "पगार घेता?" नाही. "म्हणजे जो स्वतः बसणार नाही त्याला तुमच्या जागी व्यवस्थापक ठेवावा लागेल. त्याचा पगार यातून वजा." आकडा पुन्हा खाली आला. ज्याला मी नफा म्हणत होते त्यातला मोठा भाग म्हणजे मी स्वतःला न दिलेला पगार होता. त्या संध्याकाळी काउंटरवर बसले तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं.

दुसरा प्रश्न होता वर्ष कोणतं धरायचं. २०२० बंदचं, त्यानंतरचं वर्ष झुंबडीचं, आताचं उतरतं. माझं म्हणणं, तीन वर्षांची सरासरी काढा. घेणाऱ्याचं म्हणणं, शेवटचे बारा महिने. तटस्थपणे बघितलं तर त्याचंच बरोबर होतं. त्याला पुढची वर्षं चालवायची आहेत आणि पुढच्या वर्षांना सगळ्यात जवळचे तेच बारा महिने. हिशेबनीस म्हणाले की आमच्यासारख्या, मालकाच्या जिवावर चालणाऱ्या धंद्याला चांगल्या काळात वर्षाच्या कमाईच्या दोन-तीन पट मिळतात, आत्ता दोनच्या खालची तयारी ठेवा. शेवटी पावणेदोन पटीवर जमलं.

पण त्याआधी मी एक काम केलं आणि ते करायला सांगणाऱ्या हिशेबनीसांचे उपकार मी विसरणार नाही. धंदा मोडून तुकड्यांनी विकला तर काय मिळेल याची चौकशी. म्हणजे खाली किती जायचं याची रेघ. बॉलने पाडायच्या पिना परत उभ्या करणारी यंत्रं, म्हणजे पिनसेटर, बसवलेली आणि चालू असतात तोवरच त्यांना मोल. उखडून काढली की ती भंगाराच्या जवळ जातात, कारण ती उचलणं, नेणं, पुन्हा बसवणं यालाच भारी खर्च. लेनचंही तसंच. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, वर मागचा भाग आणि पुढची धावण्याची जागा, असे आठ पट्टे काढून दुसरीकडे तंतोतंत सपाट बसवणं सोपं नाही. आणि भाडेकरारात एक कलम होतं जे मी २००५ साली न वाचता सही केलं होतं. जागा सोडताना ती मूळ स्थितीत करून द्यायची. तो खर्च वजा केल्यावर मोडून विकण्यातून हाती जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

हे कळल्यावर भीती वाटली, आणि मग विचार स्पष्ट झाला. चालू हॉल विकला तर कमी का होईना, किंमत आहे. बंद हॉलची किंमत शून्य. म्हणजे तोटा होऊन कुलूप लावायची वेळ यायच्या आत विकायला हवा, आणि विकेपर्यंत हॉल तितक्याच मायेने चालवायला हवा. त्या अकरा महिन्यांत मी एकदाही लेनला तेल देणं चुकवलं नाही.

सुरुवातीला हे सगळं गुपचूप चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉल विकायला काढला आहे ही बातमी फुटली की पार्टीचं ॲडव्हान्स बुकिंग थांबतं, कामाची माणसं दुसरीकडे नोकरी बघायला लागतात, सामान देणारे उधारी बंद करतात. म्हणून आकडे दाखवण्याआधी प्रत्येकाकडून गुप्ततेच्या करारावर सही घ्यायची. एकाला मी सहीशिवाय कागद दाखवले. तो दुसऱ्या करमणूक केंद्राचा मालक निघाला. त्याला विकत काही घ्यायचं नव्हतं, माझे पार्टीचे दर आणि शाळांची यादी बघायची होती. महिनाभरात एका शाळेच्या सहलीचं बुकिंग तिकडे गेलं. तेव्हापासून गिऱ्हाइकांची नावं मी अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत कुणाला दाखवली नाहीत.

मूठ झाकून ठेवायची, पण आपल्या माणसांपासून किती दिवस? आमचा मेकॅनिक, सगळा हॉल त्यांना मामा म्हणतो, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. आमची यंत्रं जुन्या पद्धतीची, पिना मोकळ्या पडतात आणि यंत्र त्या उचलून, फिरवून पुन्हा मांडतं. एका यंत्रात वीस-एकवीस पिना सतत फिरत असतात आणि शेकडो हलणारे भाग. असं यंत्र आवाजावरून ओळखणारा माणूस सहज मिळत नाही. मामांना सांगायला मी चार महिने लावले. एका रात्री हॉल बंद केल्यावर सांगितलं तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "ताई, मला कधीच कळलंय. खेळायला आलेला माणूस पुढे बघतो. यंत्राच्या मागे येऊन उभा राहतो तो घेणाराच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी माझी सुटका शोधत होते आणि ज्याच्या हातावर हा हॉल उभा होता त्यालाच अंधारात ठेवलं होतं. आज पुन्हा करायचं झालं तर मी पहिल्या आठवड्यात त्यांना सांगेन आणि व्यवहार होईपर्यंत थांबल्याबद्दल त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम कागदावर लिहून देईन. ती मी पुढे दिलीच, पण उशिरा दिली. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही मामांचं असणं हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू निघाली. प्रत्येक खरेदीदार पहिल्या तीन प्रश्नांत विचारायचा, "ही यंत्रं सांभाळतं कोण, आणि तो राहणार का?"

आता दोरीची यंत्रं आली आहेत. प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली, यंत्र दोऱ्या ओढून पिना सरळ करतं. भाग कमी, वीज कमी, मेकॅनिकची गरज कमी. जुने खेळाडू नाक मुरडतात, कारण दोरीमुळे पिना वेगळ्या पडतात. अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांवरच्या खेळाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली, त्यामुळे ही यंत्रं टिकणार हे उघड आहे. याचा फटका मला बसला. खरेदीदार म्हणायचे, "आज ना उद्या ही यंत्रं बदलावीच लागतील, तो खर्च किमतीतून कमी करा." माझं उत्तर मी कागदावर तयार ठेवलं होतं. मामांची देखभालीची वही, प्रत्येक यंत्राचा कोणता भाग कधी बदलला, महिन्याला किती वेळा यंत्र अडकलं. एकोणीस वर्षांची वही. तोंडी "मशीन चांगली आहेत" म्हणण्यापेक्षा त्या तेलकट पानांना किंमत होती.

दलालाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकाने आधी फी मागितली, मी दिली, तीन महिन्यांत त्याने दोन माणसं आणली आणि दोघांकडेही पैसा नव्हता. व्यवहार झाल्यावरच टक्का घेणारा निवडावा.

पैसा नसणं हीच या काळातली खरी अडचण. एक तरुण जोडपं होतं, दोघंही उत्तम खेळणारी, हॉलवर जीव टाकणारी. त्यांना हॉल द्यावा असं मला मनापासून वाटत होतं. बँकेने त्यांना कर्ज नाकारलं. बँकेचा प्रश्न सरळ होता. उद्या हप्ते थकले तर आम्ही काय जप्त करायचं? उखडलेली यंत्रं? भाड्याची जागा? करमणुकीच्या धंद्यात तारण ठेवण्याजोगं फार थोडं असतं, आणि व्याजदर चढलेले असताना जे कर्ज मिळतं त्याचा हप्ता धंद्याच्या कमाईत बसत नाही. चांगल्या काळात त्या दोघांना हॉल मिळाला असता. याचं वाईट मला अजून वाटतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंदीत किमतीवर भांडत बसण्यात अर्थ नाही. बहुतेक घेणाऱ्यांकडे सगळी रक्कम एकदम नसतेच. पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणून किती, यापेक्षा कसे आणि कधी, आणि बुडाले तर काय, यावर बोलायला हवं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट होती. समोरच्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलेला एक विचार हिशेबनीसांनी मला समजावला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी थोडी खराबच असणार असं धरून भाव करतो, आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकायला नकार देऊन बाजारातून निघून जातो. ॲकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. मंदीत हा संशय आणखी वाढतो. करमणुकीचा धंदा विकायला निघालेला प्रत्येक जण पळ काढणारा वाटतो. मी जितका शनिवार दाखवत होते तितका तो संशय वाढत होता.

म्हणून मी मंगळवार कागदावर आणला. हॉल रोज अकरा तास उघडा, लेन आठ, म्हणजे दिवसाला ८८ लेन-तास, आठवड्याला ६१६. बुकिंगच्या नोंदींवरून बारा महिन्यांची सरासरी काढली. सोमवार ११, मंगळवार १३, बुधवार १२, गुरुवार १५, शुक्रवार ३८, शनिवार ६१, रविवार ५७. एकूण २०७, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. दोन तृतीयांश वेळ माझा हॉल रिकामा होता. हा तक्ता मी रात्री दोन वाजता पूर्ण केला आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मंगळवारचे ते १३ तासही मुख्यतः एका लीगमुळे होते, सहा वर्षं न चुकता येणारी निवृत्त मंडळी, चार लेन, दोन तास, म्हणजे ८ लेन-तास त्यांचे. ती मंडळी नसती तर मंगळवार पाचवर आला असता.

यानंतर जो आला त्याच्या हातात मी हा तक्ता पहिल्या भेटीत ठेवला. दोघं निघून गेले. तिसरी आली ती लहान मुलांसाठी खेळघर चालवणारी बाई, बरोबर तिचा भाऊ. तिने तक्ता बघितला, बोट मंगळवारवर ठेवलं आणि विचारलं, "सकाळी का उघडत नाही?"

मी म्हणाले, "सकाळी कोण येणार?"

"माझ्याकडे येतात ना. चार-पाच वर्षांची मुलं, त्यांच्या आया, बालवाड्यांचे गट. शनिवार-रविवारी मलाच जागा पुरत नाही. लेनच्या कडेला मुलांसाठी कठडे आहेत का? बॉल सोडायची घसरगुंडी?"

दोन्ही होते, माळ्यावर धूळ खात. पहिल्या गृहस्थांना ज्या मंगळवाराने पळवून लावलं, त्याच मंगळवारात या बाईला तिची माणसं भरता येतील अशी मोकळी जागा दिसत होती. मी एकोणीस वर्षं रिकाम्या लेनला दोष समजून लपवत आले. ती पुढचे तीन मंगळवार आली, वेगवेगळ्या वेळी, न सांगता. चौथ्या मंगळवारी लीगच्या मंडळींशी गप्पा मारत बसलेली दिसली तेव्हा मला वाटलं, इथे जमेल.

जमायला तरी चार महिने लागले. सगळ्यात कठीण निघाले जागामालक. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर करायला त्यांची लेखी संमती हवी, आणि ते म्हणाले, संमती देतो, पण नवीन भाडेकरू थकला तर जबाबदार तुम्हीच. म्हणजे धंदा गेला, ताबा गेला, आणि हमी करार संपेपर्यंत माझ्या गळ्यात. वकिलांनी ठामपणे सांगितलं की यावर सही करायची नाही. सहा आठवडे गेले त्यात. शेवटी मीच त्यांना जाऊन भेटले आणि विचारलं की हा हॉल रिकामा झाला तर या काळात आठ लेनची जागा दुसऱ्या कुणाला द्याल, किती महिन्यांनी? ते बराच वेळ गप्प बसले. मग बारा महिन्यांच्या हमीवर आले, आणि नव्या मालकिणीने तीन महिन्यांचं भाडं जास्तीचं अनामत ठेवायचं ठरलं. विक्रीची बोलणी सुरू करायच्या आधी जागामालकांशी बोलायला हवं होतं. मी शेवटी गेले म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात धरलं.

दुसरी अडचण मीच केलेली. पार्ट्यांचे ॲडव्हान्स आणि विकलेले गिफ्ट व्हाउचर. ते पैसे मी घेतले होते, खर्चही केले होते, पण सेवा द्यायची होती नव्या मालकिणीला. म्हणजे ते माझं देणं. २३ पार्ट्यांचे ॲडव्हान्स आणि न वापरलेल्या व्हाउचरची रक्कम किमतीतून वजा झाली. ॲडव्हान्सचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले असते तर ते वजा होताना असं टोचलं नसतं. मंदीत गल्ला कमी पडला की हात तिकडे जातो, माझाही गेला.

आणि मग, सगळं ठरल्यावर, सह्यांच्या दहा दिवस आधी तिचा फोन आला. तिच्या तपासनिसाला दोन यंत्रांचे बेअरिंग झिजलेले आढळले होते आणि किंमत बारा टक्क्यांनी कमी करावी असं तिचं म्हणणं होतं. माझा संताप झाला. इतकं उघड करून दाखवल्यावर हे? रात्री मामांना फोन केला. ते म्हणाले, "बेअरिंग झिजलेत हे खरंय, वहीत लिहिलंय. तीन दिवसांचं काम आहे." दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की किंमत तीच राहील, पण ताबा देण्याआधी दोन्ही यंत्रं माझ्या खर्चाने दुरुस्त करून देईन, तुमच्या तपासनिसासमोर. दुरुस्तीला किमतीच्या चार टक्केही लागले नाहीत. तिने लगेच मान्य केलं. तिला खरोखरच यंत्रांची भीती होती. मी ते किमतीचं भांडण समजून तोडून टाकलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

अखेर ठरलं ते असं. कंपनी न विकता मालमत्ता आणि नाव विकायचं, म्हणजे माझी जुनी देणी तिच्याकडे जाणार नाहीत. ४५ टक्के रक्कम सह्यांच्या दिवशी. ३० टक्के चोवीस समान हप्त्यांत, आणि ते फिटेपर्यंत यंत्रं माझ्याकडे तारण. उरलेले २५ टक्के पुढच्या दोन वर्षांच्या विक्रीशी बांधलेले. ही शेवटची अट आधी नफ्याशी बांधलेली होती आणि मी ती बदलून घेतली. नफा कमी दाखवायला शंभर वाटा असतात, गल्ल्यावरची विक्री लपवणं अवघड. दर महिन्याला ती मला लेन-तासांचा तक्ता पाठवेल हेही करारात लिहून घेतलं. मी तीन वर्षं त्या भागात असा धंदा काढणार नाही, आठ आठवडे तिच्याबरोबर बसून सगळं शिकवेन, मामा आणि बाकीच्या पाच जणांना त्याच पगारावर ठेवलं जाईल. परवाने, हॉलमध्ये संगीत वाजवण्याची परवानगी, विमा, बुकिंगचं सॉफ्टवेअर यांची नावं बदलायला वाटलं त्याच्या तिप्पट वेळ गेला.

उशिरा मिळणाऱ्या पैशावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे मला वकिलांनी तीनदा सांगितलं. मी तो धोका डोळे उघडे ठेवून घेतला. मनात मात्र पहिले ४५ टक्केच माझे धरले आणि निवृत्तीचं गणित तेवढ्यावरच बसवलं.

ताबा दिला त्या सकाळी मी लवकर गेले. मामा लेनना तेल देत होते. साठ फुटांपैकी पहिल्या चाळीसेक फुटांवर तेलाचा पातळ थर आणि पुढे कोरडं, त्या बदलावरच बॉल वळतो. इतकी वर्षं मी ते काउंटरवरून बघितलं होतं, त्या दिवशी पाचव्या लेनच्या तोंडाशी बसून बघितलं. मग किल्ल्या दिल्या.

चोवीसपैकी तीन हप्ते उशिरा आले, बुडाला एकही नाही. पाचव्या लेनचं यंत्र आवाज करायला लागलं तेव्हा नव्या मालकिणीचा मला फोन आला होता. मी म्हटलं, मामांना विचारा. ती म्हणाली, ते शेजारीच उभे आहेत, त्यांनीच तुम्हाला फोन करायला सांगितलं, तुम्हाला आवाज ऐकवायचा होता. मी ऐकला. मागचा पट्टा सैल झाला होता.

शेवटचा तक्ता आला त्यात मंगळवारसमोर २६ लिहिलं होतं. त्यातले आठ अजून लीगचेच आहेत.